बी कुठून उचलली ते आधी सांगा!

प्रश्न: ट्रिपमध्ये पामच्या झाडाखालून बिया आणल्या, उगवल्या, पण सगळ्यांना गवतासारखं एकच पान आहे. कुठलं झाड असेल?

फोटो झूम करून बघितला, पण एका पानावरून नाव सांगता येत नाही हो. शिंदी, ताड, चायनीज फॅन पाम, सगळ्यांचं पहिलं पान असंच लांब पट्टीसारखं असतं. (सुपारीचं मात्र पहिल्यापासून दोन फाकांचं.) त्यापेक्षा माती हळूच बाजूला करून बी बघा. शिंदी-खजुरात ती रोपाला चिकटलेली नसते, थोडी लांब असते आणि मधे मुळासारखा एक दोरा असतो, तो तोडू नका, रोप त्यावरच पोसतं. बीला उभी खोल खाच असेल तर फिनिक्स, म्हणजे खजूर-शिंदीचा गट. टणक करवंटीला तीन डोळे असतील तर नारळाचं गणगोत.

प्रश्न: तीन वर्षांचं रोप आहे, आता पिसासारखी पानं आलीत. खजूर आहे का अरेका?

पान हातात घ्या आणि एक पाती जिथे मधल्या दांड्याला जोडलीय तिथे बघा. पाती पन्हळीसारखी वर उघडी असेल, पाणी धरेल अशी, तर फिनिक्स. अरेकाची आणि पिसासारख्या बहुतेक पामची पाती छपरासारखी उलटी असते. शिवाय फिनिक्समध्ये देठाकडच्या पात्यांचे चक्क काटे होतात, जपून. आता खजूर का शिंदी का आणखी कुठली, हे मी सांगणार नाही, कारण यांची नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बागेत जाती शेजारी असल्या की सहज संकर होतो, मग बी आईसारखीच निघेल याची गॅरंटी नाही. लेबलवर नुसतं 'फिनिक्स' लिहा, ते खरं असेल.

प्रश्न: माशाच्या शेपटीसारखी पानं आहेत. बिया साफ करताना हात भयंकर खाजले होते!

मग तर बहुतेक कॅरिओटा, म्हणजे फिशटेल पाम! फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पुढच्या वेळी ग्लोव्हज घाला. बुंध्यातून फुटवे आले तर बहुधा त्यातली मिटिस ही जात, एकच खोड राहिलं तर भेर्ली माड असू शकतो.

प्रश्न: पुढच्या वेळी काय नोंदवू?

जागा, तारीख, खोड एक का झुपका, फळाचा रंग, आणि अख्ख्या झाडाचा फोटो. राखीव जंगलातून उचलू नका, आणि दुसऱ्या देशातून आणायच्या असतील तर नियम आधी बघा. कुंडीतल्या लेबलवर पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पाण्याने जाते, माझी तीन रोपं अशीच बिननावाची झालीत.