शाळा आणि गाव यांच्यामध्ये उभं राहताना

शाळेच्या वतीने गावाशी नातं जोडायचं काम आता तुझ्याकडे येतंय, तर माझ्या अनुभवातून सांगते: पहिला महिना ऑफिसात बसू नकोस. वाडीवाडीत पायी फिर, चहाला नाही म्हणू नकोस. शाळेचं माहितीपत्रक पिशवीतच राहू दे. गावाला मुख्यतः दोन गोष्टी कळायच्या असतात: शाळेच्या बोअरवेलमुळे एप्रिल-मेमध्ये आमची विहीर आटणार का, आणि आमच्या पोरांना तिथे काम मिळणार का. उत्तर माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हण आणि खरंच परत जा. मी एकदा गेले नाही. त्या वाडीत दोन वर्षं मला कोणी ओटीवर बस म्हटलं नाही. अजून सलतं ते.

शाळेचं कॅलेंडर भिंतीवर असेल, त्याशेजारी गावाचं लाव. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागते. तेव्हा कोळीवाड्यात माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, मुलांशी बोलायला मोकळी. नारळी पौर्णिमेनंतर तेवढी सवड कुणाला नसते. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते, गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात; त्या दिवसांत उपक्रम ठेवूच नकोस. बोलावलं तर मुलांना पाहुणे म्हणून ने.

आयबी डिप्लोमात, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात, समाजसेवा सक्तीची आहे, म्हणून दरवर्षी कुणीतरी किनारा साफ करायचा बेत आखतं. आधी ग्रामसभेत मागे बसून ऐक. आमच्याकडे गावाला हवी होती पाणंदीची डागडुजी.

आणि वाडीतल्या पोरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय कुणालाही काढू देऊ नकोस, पाहुण्या पालकांनाही नाही.