हात कुणाचा, ते आधी

बाळ, अनेक आशीर्वाद.

हनुवटीवरचे केस लेझरने काढायची, काल रात्री पाठवलेली इंदूरमधल्या क्लिनिकची तिन्ही दरपत्रकं चष्मा लावून वाचली. एक पलासियाचं, एक विजयनगरचं, एक सपना-संगीता रोडवरचं. खाली तुझा प्रश्न, "काकू, कुठलं पॅकेज घेऊ?" खरं सांगते, चिडले. सहा सिटिंगवर दोन फुकट, गोरेपणासाठी ग्लुटाथिओनची ड्रिप अर्ध्या दरात, 'कायमचे' हा शब्द चार ठिकाणी. आणि लेझर कोण करणार, ते एकाही कागदावर नाही.

असले कागद मीच तयार करायचे. अकरा वर्षं अशाच एका क्लिनिकच्या काउंटरवर काढली आहेत. म्हणून सांगते, हात कुणाचा ते आधी विचार. दर मग.

तुझी आजी सराफ्यात हॉलमार्क बघितल्याशिवाय पाटलीला हात लावत नाही. आणि तिची नात स्वतःची हनुवटी पुढे करायला निघाली, करणाऱ्याचं नावही न विचारता?

विजयनगरच्या कागदावर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' असं मोठ्या अक्षरात आहे. ती डॉक्टरकीची पदवी नव्हे. एमडी डर्मेटॉलॉजी, डीडीव्हीएल किंवा डीएनबी, त्वचारोगाच्या या पदव्या-पदविकांपैकी काही आहे का ते बघ. नोंदणी क्रमांक माग, मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलच्या यादीत तो शोधता येतो. क्लिनिकची स्वतःची सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कार्यालयातली नोंदणीही दाखवा म्हणावं, 1973 पासून तसा कायदा आहे. 2022 मध्ये तर नॅशनल मेडिकल कमिशनला लेखी सांगावं लागलं की यूट्यूब किंवा वर्कशॉप बघून असल्या प्रक्रिया करण्याइतकं शिक्षण होत नाही. सांगावं लागलं, यातच काय ते समज.

पण पदवी बघून खूश होऊ नकोस. खरी मेख पुढे आहे. बोर्डावर एमडी असतात आणि ते मंगळवारी-शुक्रवारी येतात. बाकीचे दिवस मशीन कोण चालवतं? तोच प्रश्न विचार, तोंडावर विचार: "माझ्या सिटिंगला मशीन कुणाच्या हातात असेल, आणि तेव्हा डॉक्टर आत असतील का?" काउंटरवरची बाई हसून "आमचा स्टाफ एक्सपर्ट आहे" म्हणाली, तर उठायचं. मी असंच हसायचे.

हाताचं एवढं का? लेझर काळा रंग शोधतो. केसाच्या मुळातलाही आणि कातडीतलाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत तो भरपूर आहे, म्हणून चटका बसायची भीती गोऱ्यांपेक्षा जास्त. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग नावाचा लेझर खोल जातो आणि वरच्या कातडीला त्यातल्या त्यात सांभाळतो, डायोड हा दुसरा प्रकारही आपल्याकडे चालतो. पण ऊर्जा किती, पल्स म्हणजे प्रकाशाचा एकेक झटका किती लांब, हे दर वेळी माणूसच ठरवतो, समोरची कातडी बघून. तेच मशीन, दुसरा हात, की डाग.

एक मुलगी होती, तुझ्याहून थोडी मोठी. एप्रिलमध्ये कुठल्याशा सहलीहून परतली, पाय उन्हाने रापलेले. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. तिच्या पॅकेजची मुदत संपत होती आणि मालक सकाळीच म्हणून गेले होते, "मॅडम, महिने का टारगेट देख लो." मी तिला आत पाठवलं. टेक्निशियनने मागच्या वेळचीच सेटिंग लावली. संध्याकाळी दोन्ही पोटऱ्यांवर पट्टे उठले, लाल, मग काळे. फोनवर मी तिला म्हणाले, "काही नाही, दोन दिवसांत जाईल." गेलं नाही. दिवाळीतही ती पूर्ण सलवार घालूनच आली होती, फाईल मागायला.

मशीन मी चालवत नव्हते, हे खरं. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचे दोन हप्ते राहिले होते, हेही खरं. त्यानंतरही मी तिथे चार वर्षं राहिले. डॉक्टर नसतील त्या दिवशी लेझरची वेळ देणार नाही, असा हट्ट धरला. मालक म्हणायचे, काकी बिझनेस बुडवणार. बुडला नाही. मी निघून गेले असते, तर त्या खुर्चीत बसलेल्या दुसरीने हा हट्ट धरला असता का? असं मी स्वतःला सांगते. तुला पटलं नाही तरी चालेल.

आता तुझं. सपना-संगीता रोडवाल्यांनी तुला पहिली तारीख रंगपंचमीच्या आदल्या दिवशीची दिली. तू रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, ती रंगांची मिरवणूक, बघायला जातेस. ताज्या लेझरवर रंग आणि दुपारचं ऊन! इंदूरमध्ये दुकान थाटून ज्यांना हे सुचलं नाही, त्यांच्या हातात हनुवटी देणार? घाईही नाही. लग्न मार्गशीर्षात आहे. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा सिटिंग आरामात बसतात.

'कायमचे' म्हणशील, तर असल्या मशीनना मान्यता देणारी अमेरिकेची एफडीएसुद्धा केसांची कायमची घट एवढंच म्हणू देते. त्यातून केस हनुवटीवर, आणि पाळी पुढे-मागे होते असं तूच मागे म्हणाली होतीस. मग आधी हार्मोन तपासायला नकोत? पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास, असेल तर लेझरनंतरही नवे केस येत राहतात. चेहऱ्यावर तर कधीकधी आजूबाजूची लवच दाट होते. तीन कागदांपैकी एकाने तरी पाळीबद्दल विचारलं? ड्रिपचं नावही काढू नकोस, गोरेपणासाठी तिला मान्यता नाही. आणि मेडिकलवाल्याने दिलेली ती पांढरी ट्यूब मला दाखव, स्टेरॉइड असेल. 2018 पासून ती चिठ्ठीशिवाय विकायची नाही, पण आपल्या कोपऱ्यावर कोण ऐकतंय.

रागावले, बाळ. ते केस तू रोज आरशात किती वेळ बघतेस, ते तुझ्या आईने सांगितलं मला. हसण्यासारखं नाही त्यात काही.

रंगपंचमी झाली की सोमवारी एमवायच्या, त्या सरकारी हॉस्पिटलच्या, स्किन ओपीडीत जाऊ, मी येते सोबत. तिथल्या डॉक्टरांना तुला पॅकेज विकायचं नाही. पर्चीची रांग लांब असते, आठला निघू. आणि तोवर थ्रेडिंग करू नकोस, चिमटाही नको. केस कुठे, किती, कसे आहेत ते त्यांना दिसू दे. वाटेत ओढणी बांधून ये हवं तर.

तुझी काकू