स्लॉट मशीनवर ‘थोडक्यात हुकलं’ असं सारखं का वाटतं?

कारण जुगाराच्या या यंत्रावर दिसणारी चाकं निकाल ठरवतच नाहीत. बटण दाबताच रँडम नंबर जनरेटर, म्हणजे कुठलाही एक आकडा काढणारा प्रोग्राम, निकाल ठरवतो, चाकं तो फक्त दाखवतात. इंगे टेलनेस यांना १९८४ मध्ये अमेरिकेत याचं पेटंट मिळालं. समजा, चाकावर २२ जागा दिसतात, पण आत जनरेटरसाठी ६४ आभासी जागा आहेत आणि जॅकपॉटला त्यांतली एकच. तीन चाकांवर शक्यता १०,६४८ मध्ये एक भासते, प्रत्यक्षात २,६२,१४४ मध्ये एक! जॅकपॉटशेजारच्या रिकाम्या जागांना मात्र आभासी जागा जास्त देतात, म्हणून जॅकपॉटची खूण रेषेच्या जरा वर-खाली सारखी दिसते. मला ही सरळ फसवणूक वाटते.

बाकी हिशोब सोपा आहे. परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी परत मिळणारा वाटा, ९२ टक्के असेल, तर दहा रुपयांच्या ५०० फेऱ्यांत सरासरी ४०० रुपये जातात. आधी कितीही हरलात तरी पुढच्या फेरीची शक्यता तीच राहते.