खिम्याच्या गोळ्यांतला तांदूळ

नाशिक

प्रिय बाळा,

गोळे रश्शात फुटले आणि जे वाचले त्यांतला तांदूळ दाताखाली कचकचला, एवढंच तू फोनवर सांगितलंस. तिकडे तुझे मित्र ताटं घेऊन बसले होते, म्हणून मीही आवरतं घेतलं. आता निवांत लिहिते.

दोन्हींचं मूळ एकच आहे. गोळा रश्शात जायच्या आधीच तू तो पक्का करायला बघतोस. दाबून दाबून वळतोस, वर बेसन लावतोस, मग तळतोस. खरं तर हा गोळा हाताने पुरा होतच नाही, तो रश्शात पुरा होतो. आतला कच्चा तांदूळ रस पितो, फुगून अडीच-तीन पट होतो, आणि खिम्याचा जो रस एरवी बाहेर गेला असता तो स्वतःत धरून ठेवतो. त्याला जागा हवी, पाणी हवं, वेळ हवा. तू तिन्हींत काटकसर केलीस.

सुरुवात खाटकापासून. जुन्या नाशकात जा की सातपूरलाच घे, पण तयार ठेवलेला खिमा उचलू नकोस. खांद्याचं मटण दाखवायला सांग, थोडी चरबी राहू दे आणि डोळ्यांदेखत दोनदा मशिनमधून काढून घे. नुसत्या लाल मांसाचा गोळा शिजल्यावर दडदडीत होतो. खिमा घरी आणून भसाभस धुऊ नकोस, त्यात शिरलेलं पाणी पुन्हा निघत नाही. धुवायचंच असेल तर अख्खं मटण धुऊन, कोरडं पुसून मग दळून घे.

अर्ध्या किलोला एक सपाट चमचा मीठ घाल आणि खिमा आधी एकटाच मळ. ही तीन-चार मिनिटं चुकवू नकोस. पहिल्यांदा तो भुसभुशीत लागेल, बोटांतून सुटेल. मग हळूहळू चिकट होईल, पातेल्याच्या कडेला पांढरट थर धरेल, आणि चिमटीत धरून ओढलास तर तुटायच्या आधी थोडा ताणला जाईल. मिठामुळे मांसातली प्रथिनं मोकळी होतात आणि तीच गोळा बांधतात. म्हणून बेसन नको, अंडंही नको. खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या गार असतानाच मळ, हाताच्या उबेने चरबी वितळली तर बांधणी जाते.

मग बाकीचं हलक्या हाताने मिसळ: आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर, चमचाभर काळा मसाला आणि एक किसलेला कांदा. कांदा घट्ट पिळून घे, रस रश्शात जाईल. लासलगाव इतकं जवळ असूनही आपण कांदा बघून घेत नाही. पावसाळ्यानंतरच्या लाल कांद्याला पाणी फार सुटतं. या कामाला उन्हाळ कांदा बरा.

तांदूळ साधारण 80 ग्रॅम, म्हणजे अर्धी लहान वाटी. धुऊन वीस मिनिटं भिजव आणि पूर्ण निथळ. बासमती घेऊ नकोस, त्याचं लांब शीत गोळ्याला आतून भेगा पाडतं. इगतपुरीकडचा इंद्रायणी घे, तो मुळातच चिकट असतो. शिजलेला भात तर मुळीच नको. तो आधीच भरलेला असतो, खिम्याचा रस प्यायला त्याच्यात जागाच उरत नाही.

हा काही माझा शोध नव्हे. रशियात हेच गोळे तेफ्तेली म्हणून करतात, ग्रीसमध्ये युवार्लाकिया. 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतल्या घरांतून थोडं मांस जास्त माणसांना पुरवायला हाच तांदूळ कामाला आला. शितं बाहेर डोकावतात, म्हणून तिथे त्यांना साळिंदराचं नाव पडलं. चार मित्रांच्या खोलीत महिनाअखेरीला हा पदार्थ किती कामाचा आहे, ते तुझ्या लक्षात येईलच.

वळण्याआधी सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून चाख. कच्चा खिमा जिभेवर ठेवायचा नाही. मीठ बरोबर असेल तर लिंबाएवढे गोळे वळ. हाताला पाणी लाव, भेग राहू देऊ नकोस, पण आवळूही नकोस.

रश्शाला दोन कांदे लालसर परत, आलं-लसूण, तिखट, हळद, मग सहा-सात पिकले टोमॅटो वाटून. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गिरणाऱ्याकडचे चांगले मिळाले तर तेच घे. तेल सुटेपर्यंत परत. सुकं खोबरं इथे घालू नकोस. मलाही खोबऱ्याचा काळा रस्सा जिवापाड आवडतो, पण दाट वाटण पाऊण तास मंद आचेवर बुडाला लागतं, आणि दाट रश्शातून तांदळाला पाणीही मिळत नाही. उकळतं पाणी घालून रस्सा तुला नको वाटेल इतका पातळ कर. तांदूळ त्याला जागेवर आणतो.

पातेलं पसरट आणि जाड बुडाचं हवं. रश्शाला उकळी आली की आच कमी कर, गोळे एकेक करून एका थरात सोड, मधे बोटभर जागा ठेव. ते बुडाले पाहिजेत. पहिली पंधरा मिनिटं चमचा घालायचा नाही. हलवायचंच तर पातेलं दोन्ही कानांना धरून फिरव. खळखळ उकळी नको, कडेला बारीक बुडबुडे पुरेत. गॅस तेवढा बारीक होत नसेल तर पातेल्याखाली तवा ठेव. झाकण ठेवून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कुकरचा मोह आवर, त्यात रस्सा आटतोय का ते दिसत नाही. आटला तर उकळतंच पाणी घाल.

झालं की नाही ते बघायला एक गोळा मधोमध फोड. शीत मऊ हवं, खिमा कुठेही गुलाबी नको. मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसेच राहू देत.

उरले तर रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. शिजलेला तांदूळ बाहेर राहिला तर बाधतो. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणून बाजरीच्या भाकरीबरोबर खा. मला तर दुसऱ्या दिवशीचेच जास्त आवडतात.

चिकनचा खिमा घेतलास तर वेळ अर्ध्या तासावर आण, पण तांदूळ पाऊण तास भिजव, नाहीतर चिकन होईल आणि शीत मागे राहील. रविवारी करणार असशील तर खिमा रविवारी सकाळीच आण. पहिला गोळा फोडलास की मला फोन कर.

तुझी
मावशी