मॉनिटर आर्मवर लावला म्हणून वॉरंटी गेली?

प्रश्न : मी नाशिकला घरून भाषांतर आणि सबटायटल्सचं काम करते. सहा महिन्यांपूर्वी एका शॉपिंग संकेतस्थळावरून २७ इंची फोर-के मॉनिटर ३१,००० रुपयांना घेतला आणि टेबलाला लावलेल्या आर्मवर बसवला. महिन्याभरापूर्वी डाव्या बाजूला हिरवी उभी रेघ आली. सर्व्हिस सेंटरचा माणूस घरी आला आणि म्हणाला, ‘स्टँड काढून आर्मला लावलाय, स्क्रूचा दाब आलाय, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’ विक्रेता बंगळूरचा. तो म्हणतो, सात दिवसांची बदलून देण्याची मुदत संपली. बिल माझ्या जीएसटी नंबरवर आहे. शिवाय पहिल्या दिवसापासून कर्सर अडखळतो आणि अक्षरं फार बारीक दिसतात. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : जाता येईल, आणि तुमची बाजू चांगली आहे. फक्त पत्रातलं कर्सर आणि बारीक अक्षरांचं वाक्य तक्रारीत येऊ देऊ नका.

कर्सर अडखळणं हा बहुधा मॉनिटरचा दोष नाही. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचं असेल, तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. कर्सर अडखळतो तो त्यामुळे. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल किंवा चित्र पाठवू शकणारं टाइप-सी पोर्ट असेल, तर त्यावरून जोडून डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा) निवडा. अक्षरांसाठी तिथेच स्केलिंग (अक्षरं-चित्रांचा आकार) १५० टक्के करा. २७ इंचावर फोर-के म्हणजे पडद्यावरचे ठिपके फार बारीक, त्यामुळे अक्षरं बारीक दिसणारच. हे वकिलाने कशाला सांगायचं, असं वाटेल. पण या दोन गोष्टी तक्रारीत राहिल्या, तर समोरचा वकील युक्तिवाद त्यांच्यापासूनच सुरू करेल : ‘बाईंना मॉनिटर नीट जोडताच आलेला नाही.’ मग खऱ्या रेघेकडेही आयोग त्याच नजरेने बघेल.

आता रेघ. लॅपटॉपची केबल काढा, मॉनिटर चालू करा आणि त्याच्याच बटणाने त्याचा मेनू उघडा. रेघ त्या मेनूच्या भागातून जात नसेल, तर बाकीच्या पडद्यावर दिसते का पाहा. केबल नसतानाही रेघ दिसत असेल, तर लॅपटॉप, केबल, ग्राफिक्स सगळे सुटले. दोष मॉनिटरच्या आतला. न थांबता, न कापता याचा व्हिडिओ काढा. त्यात मागचा सिरियल नंबर आणि पडद्याला कुठेही तडा नाही हेही दिसू द्या. मग आर्मवरून उतरवून मूळ स्टँडवर बसवा आणि तसाच दुसरा व्हिडिओ काढा.

‘आर्म लावला म्हणून वॉरंटी गेली’ हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे, त्यात दम फारसा नाही. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं कशासाठी दिली आहेत? माहितीपत्रकात ‘व्हेसा १०० × १००’ (आर्म किंवा भिंतीवर लावण्याच्या भोकांचं ठरलेलं माप, मिलिमीटरमध्ये) असं लिहिलेलं असेल, तर आर्मवर लावणं हा कंपनीनेच सांगितलेला वापर झाला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली दोषाची व्याख्या, कलम २(१०), विक्रेत्याने केलेल्या दाव्यालाही लागू होते. दावा केलेला दर्जा वस्तूत नसेल तर तो दोषच. मात्र इथे एक खाच आहे. स्क्रू प्रमाणापेक्षा लांब असेल, तर तो आत जाऊन खरंच नुकसान करू शकतो. या मापाच्या मॉनिटरला साधारणपणे एम-४ (चार मिलिमीटर जाडीचे) स्क्रू लागतात आणि त्यांची चालणारी लांबी पुस्तिकेत दिलेली असते. तुम्ही वापरलेले स्क्रू पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि जपून ठेवा. ते जास्त लांब निघाले, तर मला पुन्हा लिहा, कारण मग सल्ला बदलेल.

सर्व्हिस सेंटरचा नकार तोंडी आहे की लेखी? तोंडी असेल तर आजच मेल करून जॉबशीट (भेटीत काय तपासलं त्याची लेखी नोंद) मागा आणि ‘दाबामुळे नुकसान’ हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला ते विचारा. दोष आहे हे आधी तुम्हालाच दाखवावं लागेल, त्यासाठी व्हिडिओ आहेत. पण ‘तुम्हीच बिघडवला’ असं जो म्हणतो, त्याने ते दाखवायला नको का? नुसतं बघून लिहिलेला शेरा तिथे तोकडा पडतो. गरज वाटल्यास आयोग कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. म्हणून बाहेरच्या दुकानात मॉनिटर अजिबात उघडू देऊ नका.

जीएसटी नंबरचं बिल हा समोरच्याचा आवडता मुद्दा असेल : ‘व्यावसायिक खरेदी आहे, त्या ग्राहकच नाहीत.’ यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात उत्तर दिलं आहे, आणि त्यातलं उदाहरण टाइपरायटरचं आहे. दुसऱ्यांचं टायपिंग पैसे घेऊन करणं हा व्यावसायिक वापर खराच, पण तो खरेदीदार स्वतः, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी करत असेल, तर तो ग्राहकच राहतो. टाइपरायटरच्या जागी मॉनिटर ठेवला की तुमची केस. आजच्या कायद्यात हा खुलासा कलम २(७) मध्ये आहे. ‘केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे शब्द तक्रारीत स्पष्ट घाला. ते राहून गेल्यामुळे चांगल्या तक्रारी अडकतात. बिलावरच्या कराचं क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजावट) तुम्ही घेतलं असेल, तर परताव्यात ती रक्कम पुन्हा मागू नका.

विक्रेता बंगळूरचा असला तरी तुम्हाला तिकडे जायचं कारण नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार चालते, कलम ३४. संकेतस्थळाच्या अटींत ‘फक्त बंगळूरचं न्यायालय’ असं लिहिलेलं असलं तरी हा हक्क जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. (हे लिहून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, पण खरं आहे ते खरं.)

सात दिवसांची मुदत ही बदलून देण्याची सोय आहे. ती संपल्याने कंपनीची वॉरंटी संपत नाही. म्हणून मुख्य सामनेवाली कंपनी ठेवा, सोबत विक्रेता आणि संकेतस्थळ. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार लेखी मागितल्यावर संकेतस्थळाने तो द्यायचा असतो. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. आधी तिथे मेल, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. पुष्कळदा कंपनी इथेच नरमते. नाही नरमली, तर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे आणि नुसता पत्रव्यवहार करत राहिल्याने ती वाढत नाही.

मागणी अशी ठेवा : पॅनेल (मॉनिटरचा पडदा) विनामूल्य बदलून द्यावा किंवा मॉनिटर बदलून द्यावा, नाही तर किंमत परत, शिवाय माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च. ३१,००० च्या मॉनिटरसाठी मनस्तापाचे पाच लाख मागणारी तक्रार मी लिहून देत नाही.

कंपनी तडजोडीला आली, तर ‘पूर्ण व अंतिम समाधान’ या कागदावर डिलिव्हरीवाल्यासमोर घाईने सही करू नका. आधी मॉनिटर लावून पाहा. बदली पॅनेल नवा की दुरुस्त केलेला आणि त्याला वॉरंटी कधीपर्यंत, हे मेलवर लेखी आलं की मगच सही द्या.