आयर्लंडमधल्या एनिसला नवीन आलायस ना, मग आधी हे कर

अरे पहिल्याच वीकेंडला समुद्राकाठचे मोहेरचे कडे बघायला पळू नकोस, आधी गाव पायी फिर. चौकातल्या उंच खांबावर आयरिश नेता डॅनियल ओ'कॉनेलचा पुतळा उभाय, १८२८ ला तो इथल्याच क्लेअर काउंटीतून (काउंटी म्हणजे जिल्हा) निवडून आला आणि पुढच्याच वर्षी कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसायचा हक्क मिळाला, केवढी मोठी गोष्ट आहे ही! मग जुन्या फ्रायरीत, म्हणजे ख्रिस्ती मठात जा, सेंट फ्रान्सिसचं छोटं दगडी शिल्प आहे, त्याच्या हातावरची जखम जवळून बघ.

रात्री पबमध्ये सेशन, म्हणजे पारंपरिक संगीताची मैफल असते, फिडल (व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी). कोपऱ्यातली खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नको, ती वाजवणाऱ्यांची असते, आणि कोणी गायला लागलं की एकदम गप्प. पीत नसशील तर खुशाल कोक माग.

शेजाऱ्यांशी हर्लिंगवर, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळावर बोल, २०२४ ला क्लेअरच चॅम्पियन होतं.