गाडी घरीच होती, तरी कॅमेऱ्याची नोटीस? आधी फोटो मागवा

तुम्ही विचारलंय की वेगमर्यादा मोडल्याची नोटीस आली, पण त्या दिवशी गाडी जागची हललीच नव्हती. तर दंड भरून मोकळं व्हावं का? भरू नका. बऱ्याच ठिकाणी पैसे भरणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं धरतात. हरकतीची मुदत मात्र चुकवू नका.

अशा नोटिसा निघण्याआधी फोटो तपासायचं काम मी काही वर्षं केलंय. वेग मोजताना यंत्र सहसा चुकत नाही. घोळ होतो तो नंबरप्लेट वाचताना.

वेगाचं आधी सांगतो. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा पाया घातला डच रॅली ड्रायव्हर माउस गात्सोनिडेस यांनी. स्वतःचा वळणावरचा वेग मोजायला त्यांनी ते यंत्र बनवलं होतं. त्या धर्तीच्या रडार कॅमेऱ्यात अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो निघतात आणि रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढरे पट्टे असतात. अर्ध्या सेकंदात गाडी 10 मीटर सरकली, तर वेग ताशी 72 किलोमीटर. रडार काहीही म्हणो, हा हिशेब कागद-पेन्सिलीने पडताळता येतो. म्हणून फोटो मागवताना दोन्ही मागवा.

आता प्लेट. सॉफ्टवेअर आधी चित्रात प्लेट कुठे आहे ते शोधतं, मग एकेक अक्षर ओळखतं. 8 आणि बी, शून्य आणि ओ यांत गफलत नेहमीची. एकदा माझ्यासमोर पांढऱ्या मालवाहू व्हॅनचा फोटो आला, आणि नोंदणीत तो नंबर एका लाल स्कूटरचा निघाला. मोठं करून पाहिलं, तर प्लेटच्या स्क्रूचं डोकं नेमकं एफच्या पायाशी आलं होतं आणि यंत्राने ई वाचला होता. बघायला दहा सेकंद लागली. ती दहा सेकंद कोणी दिलीच नसती, तर स्कूटरवाल्याला नोटीस गेली असती.

प्रवेशशुल्काच्या रस्त्यांवर हे जास्त जाचक होतं. वेगाच्या कॅमेऱ्यापुढे फक्त जोरात जाणारा अडकतो. शुल्काच्या कमानीखाली प्रत्येक गाडी वाचावी लागते. शंभरात एकच चूक धरली, तरी लाख गाड्यांमागे हजार चुका झाल्या! लंडनमध्ये 17 फेब्रुवारी 2003 पासून मध्यभागासाठी शुल्क आहे, तेही प्लेट वाचूनच. स्टॉकहोमने 2006 मध्ये जानेवारी ते जुलै चाचणी घेतली आणि 2007 पासून शुल्क कायम केलं. तिथे गाडीचा पुढून आणि मागून असे दोन फोटो घेतात, म्हणजे एक प्लेट चिखलाने भरली तरी दुसरी हाताशी राहते. मला स्वतःला सिंगापूरची 1998 ची पद्धत जास्त पटते. गाडीतल्या यंत्रातून पैसे वळते व्हायचे, आणि ते झाले नाहीत तरच मागच्या प्लेटचा फोटो. ज्याने पैसे भरले, त्याचा फोटो मुळात काढायचाच कशाला?

कधीकधी यंत्र बरोबर आणि नियमच चुकीचा, असंही होतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्यामुळे दंड झाला. त्यांनी पिवळ्या दिव्याच्या वेळेचं सूत्र तपासलं. वळणारी गाडी वेग कमी करते, तिला चौक ओलांडायला जास्त वेळ लागतो, आणि 1960 च्या सुमाराच्या त्या सूत्रात हे धरलंच नव्हतं. परवाना नसताना अभियंत्याचं काम केलं म्हणून तिथल्या मंडळाने त्यांनाच 500 डॉलर दंड ठोकला! ते कोर्टात गेले, जिंकले, आणि 2020 मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. एका माणसाच्या चिकाटीचं मोल मला आजही वाटतं.

तुमच्याकडे परत येतो. फोटोतली गाडी दुसऱ्याच बनावटीची असेल, तर काम सोपं आहे. तसाच रंग, तसंच मॉडेल दिसलं, तर कोणीतरी तुमच्या नंबरची खोटी प्लेट लावली असावी. तेव्हा हरकतीसोबत पोलिसांत तक्रारही द्या, नाहीतर पुढच्या नोटिसाही तुमच्याच नावावर येत राहतील. आजच गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा: पोचे, काचेवरचे स्टिकर, चाकांच्या झाकणांची नक्षी, मागच्या बंपरवरचे ओरखडे. खोटी प्लेट बनवणारा नंबर उतरवतो, ओरखडे नाही. त्या तारखेची गॅरेजची पावती किंवा पार्किंगची नोंद असली तर तीही जोडा.

दोन्ही फोटो आले की दाखवा, मी बघून सांगतो. नंबर मात्र झाका.